एक 'च' राहू द्या

"गहू बंद करून वर्ष होत आलं. पोट शांत आहे, मग मन का नाही?" सीलिॲकचं निदान झालेली माणसं हा प्रश्न इतक्या सारख्या शब्दांत विचारतात की वाक्य अर्ध्यावर असतानाच मला शेवट कळतो. मागोमाग दुसरा येतो: "म्हणजे सगळं मानसिकच होतं का?"

नव्हतं. गहू, जव, राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. लोह, फोलेट, बी-१२ अंगी लागत नाहीत, आणि त्यांच्या कमतरतेने थकवा, चिडचिड, उदासी येते. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. म्हणून माझा पहिला प्रश्न मनाबद्दल नसतो. बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड शेवटचं कधी तपासलं, ते आधी सांगा. सीलिॲकवाल्यांत थायरॉइडच्या तक्रारी जास्त आढळतात, आणि थायरॉइड मंदावलं की मनही मंदावतं.

मेधाचे (नाव आणि तपशील बदलले आहेत) हे सगळे रिपोर्ट बरे होते. निदानाआधी चार वर्षं लोहाच्या गोळ्या लागू पडत नव्हत्या आणि "तू टेन्शन फार घेतेस" हे ती घरीदारी ऐकत होती. निदान झालं त्या दिवशी ती चक्क हसली. "मी सोंग करत नव्हते, हे कागदावर तरी आलं!" आठ महिन्यांनी माझ्याकडे आली तेव्हा वजन भरलं होतं, पण तिने कुणाकडेही जाणं सोडलं होतं.

मी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पठडीतली; 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट मनाला छळतो, असं ही पठडी मानते. माणूस बोलताना 'च' कुठे लावतो, तिकडे माझा कान असतो. इंग्रजीत हट्ट हुडकावा लागतो, आपल्याकडे तो एका अक्षरात सापडतो. मेधाच्या बोलण्यात तर 'च'चा पाऊस होता. तवा वेगळाच हवा. गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारी नकोच. हिंगसुद्धा वाचूनच घ्यायचा. मला वाटलं, सापडलं! आणि मी तिची काळजी सैल करायला निघाले.

पुढच्या भेटीत तिने पर्समधून हिंगाची डबी काढून टेबलावर ठेवली. "वाचा, मॅडम."

घटकांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. पंचवीस वर्षं फोडणीत हिंग घालतेय, डबी कधी वाचली नव्हती. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते, आणि पावाच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. मेधाची काळजी अतिरेकी नव्हती, माझं ऐकणं अर्धवट होतं.

मग मी विचारलं, "इतकी जपतेस, मग गेल्या महिन्यात आजारी कशाने पडलीस?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. "सत्यनारायणाचा शिरा. आई म्हणाल्या, एवढ्याशा प्रसादाने काय होतंय? सगळे बघत होते."

"आणि नको म्हटलं असतंस तर?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग?"

"कुणालाच वाईट वाटता कामा नये ना..." ती थांबली. मग स्वतःच म्हणाली, "हा 'च' वेगळा आहे."

त्या क्षणासाठी मी हा व्यवसाय करते, हे कबूल करते. तिने केलेली ती वाटणी मी आता प्रत्येक सीलिॲकवाल्याला सांगते. "गहू नकोच" यातला 'च' आतड्याचा आहे, त्याला हात लावायचा नाही. "सगळ्यांनी मला समजून घेतलंच पाहिजे", "माझ्यामुळे कुणाची गैरसोय होताच कामा नये", हे 'च' मनाचे. पहिला पाळताना दुसऱ्यांची भीती वाटते, म्हणून माणूस घरातच बसतो. पथ्य सुरू झाल्यावर घालमेल पुष्कळदा ओसरते, उदासी मात्र रेंगाळू शकते. तिला खतपाणी पथ्याच्या एकटेपणाचं असतं.

म्हणून डबा लपवून नेऊ नका. यजमानांना आदल्या दिवशी फोन करा, पानावर बसल्यावर सांगितलं तर दोघांचीही पंचाईत होते. भाकरी, उकडीचे मोदक, वरी, राजगिरा हे सगळं मुळात तुमचंच आहे, फक्त पीठ घरी किंवा गहू न दळणाऱ्या ठिकाणी दळा. आणि ज्यांना नुसती शंका आहे त्यांनी तपासणीआधी गहू सोडू नये, नाहीतर रक्ततपासणी आणि बायोप्सी दोन्ही फसतात. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. माझी खुर्ची कुठे जात नाही.

मेधा सहा भेटींनंतर यायची थांबली. श्रावणात तिचा फोन आला. घरी पुन्हा पूजा झाली होती, सासूबाई पुन्हा म्हणाल्या होत्या, एवढ्याशाने काय होतंय.

"मग?"

"म्हटलं, होतं, आई. शिऱ्याला नमस्कार केला आणि तीर्थ घेतलं. दोनदा."

"त्या काय म्हणाल्या?"

"रुसल्यात अजून. पण मी जेवायला सगळ्यांबरोबर बसले."