'बहीण औषध देऊन गेली'

पत्र: आईच्या आजारपणावर आणि मृत्यूवर मी एक लघुकथा लिहिली आहे. शेवट काही केल्या जमत नाही. मृत्यू अखेरीस दाखवावा, की पहिल्याच वाक्यात सांगून टाकावा? (निवेदक भावाला केलंय, जरा तटस्थ नजर हवी म्हणून.) दोन संपादकांनी कथा परत पाठवली. भावाला मात्र फार आवडली.

उत्तर: शेवटाचं नंतर बघू. मी तुझ्या त्या कंसापाशीच थांबले आहे.

अकरा महिने आईजवळ तू होतीस. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा गजर लावून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचीस, हे तूच पुढे लिहिलं आहेस. भाऊ आला शेवटच्या चार दिवसांत. आणि कथेत आईचा हात त्याच्या हातात! तुझ्या वाट्याला सबंध कथेत एकच वाक्य: 'बहीण औषध देऊन गेली.' वाचून मला राग आला, आणि तो तुझाच आला. तटस्थ कसली? त्याला त्या खोलीतलं काही ठाऊकच नाही. उशापायथ्याशी बाईनं राबायचं आणि मरणावर बोलायचं पुरुषानं, ही वाटणी तू कुणी न सांगता कागदावरही करून ठेवलीस.

अमेरिकन लेखिका केट शोपँ यांची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' ही कथा वाच. १८९४ सालची, जेमतेम हजारभर शब्दांची. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते. हृदयविकार असलेली बायको लुईस रडते, मग खोलीचं दार लावून घेते. खिडकीसमोर बसल्या बसल्या तिला उमगतं, की इथून पुढचं आयुष्य आपलं आहे. तेवढ्यात नवरा जिवंत परत येतो आणि ती कोसळून मरते. डॉक्टर म्हणतात, आनंद सोसवला नाही. दाराबाहेर विनवणी करणारी बहीण किंवा नवऱ्याचा मित्र ही गोष्ट सांगता, तर आपणही डॉक्टरांवर विश्वास ठेवला असता. शोपँनी आपल्याला बंद दाराच्या आत नेऊन बसवलं, म्हणून खरं काय ते कळतं.

तुझ्या पत्रातही तसं एक वाक्य आहे: 'एका रात्री वाटलं, संपावं आता. आणि लगेच मी तिचे पाय चेपायला लागले.' कथेत ते नाही. कसं असणार? त्या रात्री भाऊ त्याच्या घरी झोपला होता. तुझा शेवट तिथे अडलाय, मुली. ती रात्र सोडून तू थेट मृत्यूपाशी पोचतेस, मग तो मागे आला काय नि पुढे आला काय.

जुना खर्डा दुरुस्त करत बसू नकोस. रात्री दोनच्या गजरापासून नव्यानं सुरू कर, 'मी' म्हणून. भावाला ही कथा कदाचित आवडणार नाही. तरी लिही. तो येईल तेव्हा त्याला दारातून येऊ दे. तुझा एक हात आईच्या खांद्याखाली असेल, एक कमरेखाली, त्यामुळे तुला लगेच मागे वळून बघता येणार नाही.