'पायाले बिबा घातला' आणि 'बिब्याची फुलं'

प्रश्न असा आला आहे: "माझ्या सासूबाई वाशीमकडच्या. 'पायाले बिबा घातला' असं त्या सहज म्हणतात, आणि हिवाळ्यात गावाहून 'बिब्याची फुलं' आणून खायला देतात. आमच्याकडे 'बिब्बा घालणं' म्हणजे चांगल्या कामात मोडता घालणं. शिवाय बिबा अंगावर उततो म्हणे. मग हे शब्द वेगवेगळे आहेत का? आणि गोडंबीचा यात काय संबंध?"

शब्द एकच, झाड एकच आणि फळही एकच. त्या एका फळाच्या तीन भागांना घराघरांत तीन नावं पडली आहेत, कारण तिन्हींशी वागायची रीत निराळी आहे.

पौष-माघात रानात हे फळ पिकतं. देठाकडचा भाग फुगून नारिंगी, गुबगुबीत होतो आणि त्याच्या टोकाला काळं, चपटं, बदामाच्या आकाराचं कवचफळ चिकटलेलं असतं. ते काळं म्हणजे बिबा. नारिंगी भाग म्हणजे बिब्याचं फूल. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो फुगलेला देठ आहे, पण रानात जाणाऱ्यांनी त्याला फूल म्हटलं आणि तेच रूढ झालं. कोकणात काजूच्या अशाच भागाला बोंड म्हणतात. विदर्भात बोंड म्हटलं की कापसाचंच. हे फूल ताजं खाल्लं तर तुरट लागतं. बिबा खुडून बाजूला केला, फूल निखाऱ्यावर भाजलं किंवा उन्हात खडखडीत वाळवलं की त्याला गोडी येते.

बिबा फोडला की आतून निघते ती गोडंबी. पश्चिम विदर्भात हे काम बायकांच्या हातचं. पुढ्यात दगड, बाजूला राख. बोटं राखेत घोळवायची, बिबा दगडावर धरायचा आणि बेतानं ठोका द्यायचा. जोर जास्त झाला तर बी चेंदते, कमी पडला तर नुसतं तेल उडतं. कवचाच्या मधल्या थरात काळं, चिकट, दाहक तेल असतं आणि राख लावूनही बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. डिंकाच्या लाडवात मूठभर गोडंबी घालताना किंवा गोडंबीची रस्सेदार भाजी वाढताना त्या बोटांची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. बाजारात ती महाग वाटते. तिच्यामागची मेहनत पाहिली की तशी वाटत नाही.

आता 'उतणे'. दूध उततं तेच हे क्रियापद. तेल लागलेली जागा लाल होते, सुजते, फोड येऊन वर येते; म्हणून 'बिबा उतला'. 'हात नोको लावू, उतते तो,' हे विदर्भातल्या पोरांना चालता-बोलता ऐकायला मिळतं. संस्कृतात बिब्याचं प्रसिद्ध नाव भल्लातक (हिंदीतला भिलावा त्यावरूनच आला), पण दुसरं नाव अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा. नाव ठेवणाऱ्यानं अनुभव घेतलेला दिसतो!

सासूबाईंचं 'बिबा घातला' हे शब्दशः खरं आहे. सुई तापवून बिब्यात टोचायची आणि टोकावर येणारं तेल टाचेच्या भेगेत सोडायचं, असा तो जुना उपाय. जाणत्या हातानं थेंबभर सोडला तर ठीक. नवख्यानं करू नये, कारण फोड आले तर थेट डॉक्टरच गाठावा लागतो. याच तेलात चुना मिसळून धोबी कपड्यांवर खुणा करत, त्या धुवून जात नसत. लागलं की उततं आणि डाग पडला की जात नाही, असा पदार्थ दुसऱ्याच्या कामात 'घातला' की काय होईल हे वेगळं सांगायला नको. वाक्प्रचाराचा अर्थ माझ्या मते इथूनच आला. म्हणून 'पायाले बिबा घातला' यात उपचार आहे आणि 'लग्नात बिब्बा घातला' यात खोडी. कशात घातला ते पाहिलं की अर्थ कळतो.

गोडंबीबद्दल आणखी एक सांगतो. कन्नडमध्ये 'गोडंबी' म्हणजे काजू! बिबा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजू पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आला, बिबा मात्र इथलाच. युरोपातले जुने वैद्य 'अनाकार्डियम' म्हणत ते बिब्यालाच. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ते नाव काजूच्या प्रजातीला दिलं. म्हणजे बिब्याचं नाव काजूला मिळण्याचा प्रकार तिकडेही घडला.

लिहिताना 'बिबा' आणि 'बिब्बा' दोन्ही चालतात. झाड, फळ, औषध यांसाठी विदर्भात 'बिबा' जास्त कानावर येतं, वाक्प्रचारात 'बिब्बा'. सामान्यरूप 'बिब्या-', म्हणून बिब्याचं तेल, बिब्याची फुलं. 'बिबाची फुलं' असं लिहू नये.