तिसऱ्या दिवशी सुटलेलं ट्रेनिंग

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. विसाव्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालेलं, त्याला आता दोन वर्षं झाली. दुसऱ्या सत्रातल्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सच्या कामाला लागला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन "उद्यापासून जाणार नाही" म्हणाला. का, ते सांगत नाही. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: पुढच्या ठिकाणी निदान सांगावं की लपवावं, आणि ट्रेनिंगचे 120 तास पुरे कसे करायचे.

मी सोलापुरातच एका कॉलेजात कॉमर्स शिकवते आणि गेली बारा वर्षं मुलांना कामाच्या ठिकाणी पाठवायचं काम माझ्याकडं आहे. उत्तर लांबणार आहे, कारण असा एक तरी मुलगा किंवा मुलगी मला दरवर्षी भेटते आणि त्यांच्या घरचे लोक कुणाजवळ हे बोलत नाहीत. तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत.

त्याला काम जमलं नाही म्हणून तो परतला, असं मनात धरू नका. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलं चढवणं, मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचे आकडे तपासणं ही कामं अशा मुलांना बहुतेक वेळा आमच्या बाकीच्या मुलांपेक्षा चोख जमतात. ती अडतात ती कामाच्या भोवती जे काही असतं त्यात, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कुठं बसायचं, कुणाला विचारायचं, जेवायला कधी उठायचं, काम संपलं हे कसं ओळखायचं. बाकीची मुलं हे बघून बघून उचलतात. तुमच्या मुलाला ते सांगावं लागेल, शक्यतो लिहून.

माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा मी चादरीच्या एका कारखान्यात पाठवला. जागा आधी बघितली नाही, मालक ओळखीचे म्हणून पत्र दिलं आणि पत्रात लिहिलं, 'हुशार आहे, थोडा लाजाळू आहे, सांभाळून घ्यावे.' त्या एका ओळीनं सगळं बिघडवलं. लाजाळू म्हटल्यावर तिथल्या माणसांनी मायेनं त्याला बोलतं करायचा चंगच बांधला. येता-जाता पाठीवर थाप, डब्याच्या वेळी मधोमध बसवणं, गाणं म्हण म्हणून आग्रह. आणि त्याचं टेबल होतं लूमच्या शेडला लागून, मध्ये फक्त प्लायवूडची अर्धी भिंत. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा आहे, तीच 90 आहे. तिथल्या कामगारांचे कान त्याला सरावलेत, म्हणजे अधू झालेत, हा वेगळा दुखरा विषय आहे. पण ज्याच्या मेंदूला नको तो आवाज मागं ढकलता येत नाही, त्याच्यासाठी ते टेबल म्हणजे दिवसभराची मारहाण होती. पाचव्या दिवशी तो दोन तास कंपाउंडच्या कट्ट्यावर उन्हात बसून राहिला. मालकांचा फोन आला, "मॅडम, पोरगं कामाला चांगलंय, पण माणसांत बसत नाही."

मी गेले. त्याच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसले आणि एक बेरीज धड करता आली नाही. टेबल वरच्या मजल्यावर सॅम्पलच्या खोलीत हलवलं. डबा वेगळा खाल्ला तर राग मानू नका, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. बाकी काहीही केलं नाही. उरलेल्या दिवसांत त्यानं तीन महिन्यांची सुताची खरेदी बिलं गोदामाच्या रजिस्टरशी एकेक जुळवून दिली. तेव्हापासून जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणालाच पाठवत नाही.

दुसरी अडचण आपल्या बोलण्याची. सोलापूरच्या कारखान्यात एकाच टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी चालतं, आणि तेही एकाच वाक्यात. आपल्याला त्याचं कौतुक आहे, मलाही आहे. पण ऐकलेलं समजायला ज्याला क्षणभर जास्त लागतो, त्याच्या हाती अर्धंच लागतं. त्यात आपल्या सूचना कशा असतात बघा. "जरा हे बघून घे की." काय बघायचं, किती बघायचं, बघून झाल्यावर काय करायचं? "सावकाश होऊ दे." म्हणजे आज की परवा? "दोन मिनिटांत आलो," म्हणून गेलेला माणूस तासाभरानं येतो आणि मुलगा तासभर हात बांधून उभा असतो, कारण त्यानं शब्द खरा मानला. "का बे, झोपला का?" हे आपल्याकडं प्रेमानं म्हणतात. त्याला तो आरोप वाटतो आणि तो गंभीरपणे "नाही, जागा आहे," असं उत्तर देतो. मग सगळे हसतात. तीन दिवस पुरेसे होतात यासाठी.

हा दोष एकट्या मुलाचा नाही, हे तुम्हीही मनाशी पक्कं करा. डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकानं, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, 2012 मध्ये एक विचार मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही एवढंच खरं नाही, इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नाही. दरी दोन्हीकडून असते. मला तो विचार कारखान्याच्या त्या कट्ट्यावर खऱ्या अर्थानं समजला. म्हणून सुपरवायझरनंही दोन पावलं चालायची असतात, आणि ती त्याला कुणीतरी दाखवावी लागतात. हे काम कॉलेजचं आहे. ते आईवर टाकू नये.

आता निदान सांगायचं का. पहिला हक्क मुलाचा. तो बावीस वर्षांचा आहे, त्याला न विचारता तुम्ही किंवा त्याच्या सरांनी एक शब्दही कुठं बोलू नये. सोलापूर एवढंसं आहे, अक्कलकोट रोडला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत जुळे सोलापुरात पोचतं. घरात लग्नाच्या बहिणी असतात, लोक काय काय बोलतात, ते मला ठाऊक आहे. ती भीती खोटी नाही. माझा सल्ला असा की निदानाचं नाव सांगणं त्याच्या मर्जीवर सोडा, पण गरज मात्र सांगाच. 'ऑटिझम' हा शब्द ऐकून सुपरवायझरला काय करायचं ते कळत नाही, उलट तो घाबरून मुलाला कामच देत नाही. 'याला सूचना लिहून द्या' हे ऐकलं की कळतं.

मी हल्ली एक पानभर मजकूर देते. मुलगा आणि मी बसून तो लिहितो आणि त्याला पटल्याशिवाय तो बाहेर जात नाही. साधारण असा असतो:

'मी काम मन लावून करतो. एका वेळी एक काम दिलंत आणि ते चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सअपवर लिहून दिलंत तर चूक होत नाही. काम कधीपर्यंत हवं ते वेळेसह सांगा. आजूबाजूला मोठा आवाज असला की मला बोललेलं नीट कळत नाही, म्हणून शक्य असल्यास शेडपासून लांब बसवा. मी हेडफोन लावले तर मी काम करतोय असं समजा. बोलताना मी डोळ्यांत बघत नाही, पण लक्ष असतं. दुपारी मी एकटा जेवतो, त्यात कुणाचा अपमान नाही. काही चुकलं तर मला बाजूला घेऊन सरळ सांगा, मला राग येत नाही. अडचण आली तर मी कुणा एकालाच विचारेन, तो माणूस कोण ते पहिल्या दिवशी सांगा.'

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. एक माणूस ठरलेला असावा. मालक नको, त्यांना वेळ नसतो. बहुतेक ठिकाणी एखादे जुने अकाउंटंट असतात, शांत, रजिस्टरवर रेघ ओढायलाही पट्टी घेणारे. त्यांच्याशी अशा मुलांचं विलक्षण जमतं.

120 तासांचं गणित सांगते. हे ट्रेनिंग चार क्रेडिटचं, एका क्रेडिटला 30 तास. आठ तासांप्रमाणं पंधरा दिवसांत ते उरकायचा बहुतेकांचा प्रयत्न असतो. तुमच्या मुलासाठी तसं करू नका. रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, तरी 120 च होतात. सकाळी दहा ते दोन ठेवलं तर डब्याच्या गर्दीचाही प्रश्न मिटतो आणि दुपारची सोलापूरची पत्र्याखालची उष्णताही टळते. सत्राचे दिवस शिल्लक आहेत तोवर विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या: ठिकाण बदलून मिळावं आणि तास असे विभागून मिळावेत. झालेल्या तीन दिवसांच्या हजेरीवर सही घेतली असेल तर ते तासही धरायला सांगा. तोंडी बोलून ठेवू नका, अर्जाची पोच घ्या.

नव्या ठिकाणी सुरू व्हायच्या आधी एकदा कामाच्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच रिक्षानं किंवा बसनं त्याला जाऊन येऊ द्या. सुट्टीच्या दिवशीचा एमआयडीसी आणि चालू दिवसाचा एमआयडीसी यांत फार फरक असतो. टेबल, पाण्याची जागा, बाथरूम, बाहेर पडून पाच मिनिटं बसता येईल असा एखादा कोपरा, एवढं बघून यावं. ट्रेनिंगची रोजची डायरी रात्री लिहायला बसवू नका. फाटकातून बाहेर पडल्यावर त्यानं मोबाइलवर मिनिटभर बोलून ठेवावं, आज काय केलं. आठवड्यातून एकदा ते ऐकून लिहिता येतं.

घरी एक पथ्य पाळा. दिवसभर इतरांसारखं दिसण्यासाठी ही मुलं जी धडपड करतात, तिनं ती पिळून निघतात. आल्या आल्या "कसा गेला दिवस?" नको. तासभर त्याला त्याच्या खोलीत राहू द्या. आणि तिसऱ्या दिवशी काय झालं हेही समोर बसवून विचारू नका. व्हॉट्सअपवर विचारा आणि उत्तर सोपं करून द्या: आवाज, जागा, माणसं, काम, प्रवास, यांतलं काय? ही मुलं बोलताना अडतात, तिथं लिहून भरभरून सांगतात. एका आईला मुलाचा साडेतीन पानांचा मेसेज आला होता, मी तो वाचला आहे.

कायद्याबद्दल थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे. गरजेपुरता वाजवी बदल नाकारणं हा भेदभाव, असं तो कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की असा बदल मागायला 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं नाही. त्यांना लिहिताना हाताला त्रास होत होता आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक हवा होता. हा आधार कॉलेजच्या अर्जात जरूर घाला. कारखान्यात मात्र कायद्यापासून सुरुवात करू नका. दहा माणसांच्या ऑफिसात कायद्याचं कलम दाखवलं की टेबल हलतं, पण मनं आखडतात, आणि मुलाला सहा आठवडे त्याच माणसांत काढायचे असतात. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड (सरकारी ओळखपत्र) काढायचं की नाही तो वेगळा, सवडीनं घ्यायचा निर्णय आहे. त्यासाठी ट्रेनिंग अडवून ठेवू नका.

खाली कुणीतरी एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं जड जाणं) असलेल्या मुलीबद्दल विचारलंय, तिच्यापुरतं सांगते. त्या एकवीस प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही, त्यामुळं कागदापेक्षा ठिकाणाची निवड जास्त महत्त्वाची. सीएच्या ऑफिसात अशा मुली रमलेल्या मी पाहिल्यात, कारण तिथं महिन्याला ताल असतो: 11 तारखेला जीएसटीचं जीएसटीआर-1 हे विवरणपत्र, 20 तारखेला 3बी. तारीख जवळ आली की त्या झपाट्यानं काम करतात. मधले दिवस त्यांना जड जातात. तेव्हा "हे पन्नास व्हाउचर आठवडाभरात कर" ऐवजी "जेवणाआधी दहा दाखव" असं सांगणारा सिनियर हवा, आणि शेजारी कुणीतरी काम करत बसलेलं हवं. एकटीला मागच्या खोलीत बसवू नका. म्हणजे ताईंच्या मुलाला जे हवं, त्याच्या बरोबर उलटं. म्हणूनच 'अशा मुलांसाठी' म्हणून एकच यादी कुणी मागितली तर मी देत नाही.

ताई, त्यानं लिहून दिलेलं कारण काय ते इथं कळवा. त्याचं आणि कारखान्याचं नाव नको. त्याप्रमाणं वरचा पानभर मजकूर बदलून देते. अर्जाचा मसुदा हवा असेल तर तोही आजच लिहून देईन, म्हणजे सोमवारी विभागप्रमुखांकडं जाताना हातात असेल.