गुण-दोषांच्या तक्त्यात तुझं काम कुठे आहे?

प्रिय विद्यार्थिनीस,

सत्राच्या शेवटी द्यायचं तुझं आत्मपरीक्षण वाचलं. एका बाजूला बलस्थानं: सर्जनशील, मेहनती, रंगांची जाण, अक्षर सुंदर. दुसऱ्या बाजूला उणिवा: आत्मविश्वास कमी, कामाला वेळ फार लागतो, देवनागरी टायपोग्राफी (म्हणजे छापील अक्षरांची मांडणी) कच्ची. खाली प्रगतीच्या रकान्यात एवढंच, की ‘बरीच सुधारणा झाली’. मनापासून लिहिलं आहेस, हे कळतं. पण या पानावरचं तुझं नाव काढून वर्गातल्या दुसऱ्या कोणाचं घातलं तरी काही बिघडणार नाही. एसटी स्थानकाच्या वेळापत्रकाचा जो फलक तू केलास, तो मात्र फक्त तुझाच आहे. त्या पानावर मला तो फलक दिसायला हवा होता. विशेषणांनी माणसाचं वर्णन होतं, कामाचं होत नाही आणि सुधारता येतं ते काम.

‘देवनागरी कच्ची’ हेच घे. इतकी मोठी उणीव लिहिली की माणूस खचतो, आणि उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे काही कळत नाही. तुझी शेवटची प्रिंट समोर ठेवून मी पाहिलं, तर त्या दोन शब्दांखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत.

पहिली म्हणजे ओळींमधलं अंतर. गावांची इंग्रजी नावं बसवताना जे अंतर धरलंस तेच मराठी नावांना दिलंस. रोमन अक्षरांना ते पुरेसं होतं. पण ‘कुर्डुवाडी’ या एका शब्दात दोन उकार, एक रफार आणि एक वेलांटी आहे. त्याच्या खालच्या ओळीत ‘हिंगोली’ आलं आणि ‘कु’चा उकार ‘हिं’च्या वेलांटीला जाऊन टेकला. ही तुझ्या एकटीची अडचण नाही. शिशाचे सुटे अक्षर-खिळे जुळवून छापायच्या काळात मुंबईतल्या छापखान्यांनी वरच्या मात्रा, मधलं अक्षर आणि खालचे उकार यांचे वेगळे खिळे करून ते तीन थरांत जुळवण्याची पद्धत वापरली, ती याच उंचीच्या प्रश्नातून वाट काढायला. आपली लिपी ओळीच्या वरही वाढते आणि खालीही. म्हणून अंतर ठरवताना ‘अआइई’ टाइप करून पाहू नकोस. यादीतली सगळ्यात अवघड दोन नावं एकाखाली एक ठेव आणि ती मोकळी दिसली की तेच अंतर सगळ्या फलकाला दे. एका दुपारचं काम आहे.

दुसरी गोष्ट त्याहून छोटी. ‘कऱ्हाड’च्या जागी चक्क रफार दिलेलं ‘कर्हाड’ छापलं गेलं. तू फॉण्टला दोष दिलास. दोष फॉण्टचा नव्हता. तिथे नेहमीचा ‘र’ टाइप झाला होता, हवा होता खाली टिंब असलेला ‘ऱ’. तो कळफलकावर वेगळा असतो. त्या गावची बस धरणारा माणूस आपल्या गावाचं नाव चुकलेलं पाहतो तेव्हा त्याला फॉण्ट आणि कळफलक यांतला फरक कुणी सांगत नाही. त्याला एवढंच वाटतं की हा फलक आपल्यासाठी केलेला नाही.

तिसरी गोष्ट खरोखर अभ्यासाची आहे. तुझ्या फलकावरचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. मराठीतला ‘ल’ पाकळीचा. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेबद्दल काढलेल्या निर्णयात या दोन्ही अक्षरांची मराठी वळणं ठरवून दिली आहेत आणि तू तर राज्याच्या एसटीसाठी फलक करते आहेस. पुष्कळ फॉण्टांमध्ये मराठी रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. टिरो देवनागरी हा फॉण्ट तर मराठी, हिंदी आणि संस्कृत असा तीन स्वतंत्र रूपांत मिळतो. ती तिन्ही मोफत आहेत. उतरवून घे, एकच परिच्छेद तिन्हींत बसव, फरक दिसेल तिथे पेन्सिलीने गोल कर. याला महिने लागतील, आणि लागू देत. पण बघ, एक दुपार, एक कळ आणि काही महिने, अशा तीन वेगवेगळ्या मापांची कामं तू एका ‘कच्ची’त कोंबली होतीस.

आता बलस्थानांकडे येतो, कारण मला जास्त काळजी तिथली वाटते. अक्षर सुंदर आहे, वादच नाही. ‘वेळापत्रक’ हा मथळा तू सुलेखनाच्या कट निबने काढलास तो मी बराच वेळ बघत होतो. पण त्या मथळ्याने फलकाची इतकी जागा घेतली की बसच्या वेळा बारीक झाल्या. फलाटावर पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बाईंना समोरचा फलक वेळापत्रकाचा आहे हे माहीत असतं. त्यांना पाच चाळीसची गाडी हवी असते. म्हणजे तुझ्या बलस्थानानेच इथे कामाचं नुकसान केलं, आणि तुझ्या तक्त्याला ते दिसणं शक्य नव्हतं, कारण त्यात एक गोष्ट एकाच रकान्यात बसते.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं काढली ती आठव. नाटकाचा स्वभाव अक्षरातून जाहिरातीत उतरायचा. तिथे अक्षराने लक्ष वेधून घेणं हेच काम होतं. आणि र. कृ. जोशी यांच्याकडे पाहा. सुलेखनात मुक्त विहार करणारा हा कलावंत. त्यांनीच मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉण्ट केला, विंडोज २००० बरोबर तो असंख्य संगणकांवर पोहोचला. ‘मंगल’ सुंदर नाही अशी तक्रार तुमच्या वर्गात मी ऐकतो. तो त्या काळच्या पडद्यावर, लहान आकारात वाचता यावा म्हणून केलेला आहे. ज्या हाताला इतकं येतं तो हात तिथे आवरून धरला आहे. मला यात फार मोठी ताकद दिसते. तुझ्याकडे हात आहे, आता तो कुठे आवरायचा हे शिकायचं आहे, आणि तुझ्या आत्मपरीक्षणात हे एक वाक्य आलं असतं तरी मला आनंद झाला असता.

आत्मविश्वासाबद्दल थोडक्यात. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, तू गप्प झालीस हे खरं. पण विचारलं काय होतं? ‘मार्गे’चा रकाना गावाच्या नावाच्या लगेच शेजारी का, एवढंच. याचं उत्तर तुझ्या स्केचबुकात आहे. स्थानकावर उभं राहून तू टिपलं होतंस की लोक आधी गाव शोधतात आणि मग गाडी कुठून जाते ते बघतात, आणि वयस्कर माणसं फलक न वाचता थेट चौकशीच्या खिडकीकडे वळतात. इतकं पक्कं कारण हाताशी असताना ते मांडणीच्या एकाही पानावर नव्हतं. याला मी आत्मविश्वासाचा अभाव म्हणणार नाही. तू कारणं लिहून ठेवत नाहीस, इतकंच. आणि ‘वेळ फार लागतो’ ही उणीव तर मी खोडणारच आहे. तो वेळ फलाटावर माणसं बघण्यात गेला. मला विचारशील तर तुझं सगळ्यात मोठं बळ ते आहे, आणि तुझ्या यादीत त्याचं नावही नाही.

राहिली प्रगती. ती शेजारच्या मुलाच्या पोर्टफोलिओशी ताडून कळत नाही, आणि चुका किती कमी झाल्या यावरूनही फारशी कळत नाही, कारण काम अवघड होत जातं तशा नव्या चुका येतातच. मी वेगळं बघतो: चूक कोणत्या टप्प्यावर तुझ्या लक्षात आली. पहिल्या वर्षी ती कोणीतरी दाखवावी लागायची. या सत्रात उकार-वेलांटीची टक्कर प्रिंट हातात आल्यावर तुझी तुलाच दिसली, हे मला ठाऊक आहे, कारण प्रिंटच्या कडेला तुझ्याच अक्षरात खूण आहे. पुढच्या खेपेला ती पडद्यावर दिसेल, आणि कधीतरी कच्च्या आराखड्यातच. त्यासाठी एक सवय लाव. फसलेल्या प्रिंटा टाकू नकोस. मागे तारीख घाल, काय खटकलं ते एका ओळीत लिही आणि फाइलला लाव.

हे पान पुन्हा लिही. रकाने नकोत. फलकातले तुझे तीन-चार निर्णय घे, प्रत्येक का घेतलास, त्याचं काय झालं आणि आज तो बदलशील का, एवढंच साध्या वाक्यांत. फलकाची नवी प्रिंट मूळ आकारात काढ, तुकडे जोडावे लागले तरी चालेल. ती जिन्याखालच्या भिंतीवर, जिथे उजेड कमी आहे, तिथे लाव आणि ज्याने हे काम कधीच पाहिलेलं नाही अशा कोणाला तरी लांबून हिंगोलीची गाडी शोधायला सांग. तू मध्ये बोलू नकोस, फक्त टिपून घे. शुक्रवारी संध्याकाळी मी स्टुडिओत आहे. ते टिपण घेऊन ये, त्यावरून पुढचं बोलू.

सस्नेह,
तुझे सर