सीटी नॉर्मल आला, म्हणजे फुगा नाही असं धरायचं का?

तुमच्या ताईंचं डोकं अचानक असह्य दुखलं, तिसऱ्या दिवशी सीटी झाला, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि दहा दिवसांनी तुम्ही विचारताय की अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, नाही असं समजायचं का. मी डॉक्टर नाही, पण २२ वर्षं सीटी मशीनवर टेक्निशियन आहे. माझं उत्तर: एवढ्यावर तसं समजू नका.

रिपोर्टची सगळ्यात वरची ओळ वाचा. तिथे 'सीटी ब्रेन प्लेन' (म्हणजे शिरेत डाय न देता काढलेला) असेल, तर त्यात रक्तस्राव शोधलाय, फुगा नव्हे. न फुटलेला लहान फुगा प्लेन सीटीत बहुधा दिसतच नाही. फुटला असेल तर मेंदूच्या तळाशी, जिथे एरवी पाण्याची काळी चांदणी दिसते, तिथे पांढरं रक्त भरलेलं असतं. पण ते रक्त दिवसागणिक फिकं होत जातं. कॅनडातल्या ३,१३२ रुग्णांच्या अभ्यासात (२०११) पहिल्या ६ तासांत काढलेल्या सीटीत एकही रक्तस्राव सुटला नाही; ६ तासांनंतरच्या सीटीत मात्र सातांतला एक सुटला. ताईंचा तर तिसऱ्या दिवशीचा आहे.

फुगा बघायला सीटी अँजिओ लागते, म्हणजे डाय देऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी. कोपरापाशी मोठी सुई, बहुधा हिरवी १८ नंबरची, आणि सेकंदाला ४-५ मिली वेगाने डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध). अंगातून गरम लाट जाते, लघवी झाल्यासारखं वाटतं; ताईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर माणूस घाबरून हलतो आणि फोटो बिघडतात. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात. ३ मिलिमीटरच्या वरचे फुगे यात बहुतेक सापडतात. त्याहून बारीक, किंवा कवटीच्या तळाच्या हाडाला चिकटलेले, निसटू शकतात.

एक बाई आल्या होत्या, डावी पापणी पडलेली, बाहुली मोठी झालेली. दुसऱ्या एका सेंटरचे दोन प्लेन सीटी हातात, दोन्ही नॉर्मल. अँजिओतही आडव्या कापांत मला नुसता एक ठिपका वाटला. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी संगणकावर हाड पुसून थ्रीडी चित्र हळूहळू फिरवलं, आणि एका कोनात ६ मिलिमीटरचा फुगा देठासकट समोर आला. तेव्हापासून मी रिपोर्टिंगला घाई करणाऱ्या नातेवाइकांना हात जोडून थांबवते.

रक्तस्राव नक्की आहे पण सीटी अँजिओत काही नाही, असं झालं तर डीएसए करतात, म्हणजे नळीतून थेट रक्तवाहिनीत डाय सोडून एक्स-रे फोटो काढतात. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून. त्याचं मूळ पोर्तुगीज न्यूरोलॉजिस्ट एगास मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये केलेल्या अँजिओग्राफीत आहे, आणि आजही शेवटचा शब्द त्याचाच.

घाबरवायचं नाहीये मला. साधारण ३ टक्के प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो, आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. पण अचानक, क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी सोडून देण्यासारखी नसते. उद्याच न्यूरोलॉजिस्टना दाखवा. पाठीतलं पाणी तपासायचं की अँजिओ करायची, ते ठरवतील. पुन्हा तसंच दुखलं, उलटी झाली, पापणी पडली किंवा शुद्ध हरपली, तर ओपीडीच्या रांगेत न थांबता थेट कॅज्युअल्टीत न्या.

सोबत नुसता रिपोर्ट नको, सीडीसुद्धा घ्या. आणि दुखणं सुरू झाल्यापासून सीटीपर्यंत किती तास गेले ते कागदावर लिहून न्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.