पहिल्या कार्यशाळेला जाण्यापूर्वी

पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रीतीने शेती व वस्तीची रचना करण्याच्या पद्धतीची, कार्यशाळा निवडताना, तेथे काय शिकवले जाणार आहे यापेक्षा तुमच्या हातून प्रत्यक्ष काय करून घेतले जाणार आहे, हे आधी विचारा. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडलेल्या या विचाराचा प्रचलित अभ्यासक्रम ७२ तासांचा असतो. मात्र नवख्याने आधी दोन-तीन दिवसांची कार्यशाळा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन काठ्या, दोरी आणि ओळंबा यांची ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची चौकट) बनवून उतारावर समपातळी रेषा स्वतः आखा. ओळंबा मधल्या खुणेवर स्थिरावला की चौकटीचे दोन्ही पाय एकाच पातळीवर आले, इतके साधे हे तत्त्व आहे. पण त्या रेषेवर खणलेल्या चरात पावसाचे पाणी थांबून जिरताना पाहिले की जमिनीकडे बघण्याची दृष्टीच बदलते. जादा पाण्यासाठी सांडवा मात्र हवाच. माझ्या पहिल्या चराला तो नव्हता, आणि एका जोरदार पावसात बांध वाहून गेला.

कंपोस्टच्या ढिगात कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण ३०:१ च्या आसपास ठेवतात. कार्बनयुक्त वाळलेला पाला आणि नायट्रोजनयुक्त ओला कचरा आलटून पालटून रचताना ते हळूहळू हाताला उमगते.

निवासी कार्यशाळेत सामूहिक स्वयंपाक, कोरड्या शौचालयाची देखभाल आणि निर्णयबैठका टाळू नका, कारण सहजीवनातील खऱ्या अडचणी तेथेच दिसतात. यजमानांना त्यांचे फसलेले प्रयोगही दाखवण्याची विनंती अवश्य करा.