नव्या दुर्बिणीतून गुरू नुसता थरथरतो. पहाटे उठून फरक पडेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, नवी 130 मिमीची आरशाची दुर्बीण. मार्चमध्ये रात्री आठला घराच्या स्लॅबवरून गुरू पाहिला तर थरथरणारा गोळा दिसला, आणि तारकागुच्छ म्हणजे धुरकट डाग. दुर्बीण खराब निघाली का, पहाटे फरक पडेल का, की विकून टाकू?

दुर्बीण ठीक आहे. खराब आहे तो स्लॅब.

मार्चातला आपल्याकडचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ती ऊब सोडत बसतो. त्याच्यावर उभं राहून गुरू पाहणं म्हणजे तापलेल्या तव्यावरून पलीकडचं अक्षर वाचणं. त्यात दुर्बीण घरातून काढली की लगेच डोळा लावला असणार. आरसा गरम, नळीतली हवा गरम, ती आतल्या आत घुसळत राहते. मार्चमध्ये गुरू मिथुनेत, जवळजवळ डोक्यावर होता. म्हणजे ग्रह चांगल्या जागी होता, मधली हवा तेवढी नव्हती. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका खेड्यात राहतो. माझी दुर्बीण सहा इंची. पहिलं वर्ष मीही स्लॅबवर वाया घालवलं आणि विकणाऱ्याला शिव्या दिल्या.

मला पहाट सापडली ती हौसेनं नाही. आमच्या फिडरवर (शेतीच्या वीजवाहिनीवर) आठवडाआड रात्रीची लाईन असते. हरभऱ्याला ओलित करायला दोन-अडीचला वावरात जावंच लागतं. स्प्रिंकलरचे पाइप एकदा लावले की तो पट्टा भिजेस्तोवर दोन-तीन तास धुऱ्यावर बसण्याशिवाय काम नाही. एका रात्री दुर्बीण सोबत नेली. शेजारच्या वावरात जागलीला बसलेले काका बॅटरी मारत आले आणि म्हणाले, “हे काय आनलं बावा, डुकरं हाकल्याची तोफ व्हय काय?” त्यांना शनी दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दुर्बिणीच्या तोंडाशी जाऊन आत कोणी चित्र चिकटवलंय का ते पाहून आले.

पहाटे तीन ते पाच या वेळात जमीन निवलेली असते, धूळ खाली बसलेली असते, चुली पेटायच्या असतात. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवली असेल तर आरसाही हवेइतका थंड झालेला असतो. तेव्हा 10 मिमीच्या आयपीसनं, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगानं (तुमच्या दुर्बिणीची नाभीय लांबी 900 मिमी असेल तर 900 भागिले 10, म्हणजे 90 पट) गुरूवरचे दोन करडे पट्टे स्थिर दिसतात. चारही चंद्र दिसतात, आणि दोन तास थांबलात तर त्यातला आयो सरकलेला कळतो. त्याची फेरी पावणेदोन दिवसांचीच आहे. खोक्यावर 500 पट वगैरे लिहिलेलं असतं, ते विसरा. 130 मिमीला 150 च्या वर नेलं की आपल्या हवेत फक्त अंधुकपणा मोठा होतो. अपेक्षेचंही एकदा सांगून टाकतो: लोणारचं विवर साधारण 1.8 किमी रुंद आहे. तेवढं विवर चंद्रावर असलं तर तुमच्या दुर्बिणीला ते पत्ता लागू देणार नाही.

आता तारकागुच्छ. इथे बहुतेक लोक उलटं करतात, डाग दिसला की मोठं करायला जातात. कृत्तिकांचा पसारा आकाशात जवळपास दोन अंश, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडल्याएवढा. 25 मिमीच्या आयपीसमध्येही त्यातले मुख्य तारेच कसेबसे मावतात. कृत्तिका फाइंडरमधून, म्हणजे नळीवरच्या छोट्या दुर्बिणीतून बघा, खरंच जास्त छान दिसतात. पुष्यातला गुच्छ तसाच. गॅलिलिओला त्यात दुर्बिणीनं चाळीसच्या आसपास तारे दिसले होते. तुम्हाला त्याहून जास्त दिसतील, फक्त 10 मिमीची आयपीस खिशात राहू द्या. व्याधाच्या खाली चारेक अंशांवर एक लहानसा गुच्छ आहे, तो मात्र 25 मध्ये नीट बसतो.

पण पहाटेचं खरं धन दक्षिणेला आहे. जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साधारण पाचच्या सुमारास बरोबर दक्षिणेला तोंड करा, हात लांब करून क्षितिजापासून दोन मुठी वर मोजा. तिथे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ असतो. नुसत्या डोळ्यांना पुसट तारा, म्हणून प्राचीन काळच्या टॉलेमी या खगोलज्ञानं त्याला ताऱ्यांच्या यादीतच घातलं. तो तारा नाही हे 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून इंग्रज खगोलज्ञ एडमंड हॅलीनं नोंदवलं. मेसिए या फ्रेंच खगोलज्ञाच्या धुरकट डागांच्या प्रसिद्ध यादीत तो नाही, कारण पॅरिसहून तो कधी उगवतच नाही. आपल्या धुऱ्यावरून उगवतो. सुमारे 17 हजार प्रकाशवर्षं दूर, कोटीच्या घरात तारे. आधी कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा दिसेल. मग 10 मिमी लावा, थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवा, कारण डोळ्याची कडेची बाजू अंधुक उजेड जास्त पकडते. दोन-तीन मिनिटांत त्या गोळ्याचा रवा होतो. काळ्या परातीत सांडलेला बारीक रवा. मी हे बघून एकदा मोटर बंद करायची विसरलो होतो आणि अर्धा पट्टा तुंबला.

अट एकच, दक्षिणेला दिव्याचा खांब नको. आमच्या गावात चौकात उंच खांबावर एलईडी बसल्यापासून अंगणातून हा दिसत नाही, वावरातच जावं लागतं. बॅटरीवर लाल जिलेटीन गुंडाळा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताच्या एका सेकंदात सगळं वाया जातं.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे विंचू दक्षिणेला चढलेला असतो. ज्येष्ठेच्या अगदी शेजारी एक गोलाकार गुच्छ आहे, आणि मूळ नक्षत्राच्या नांगीपाशी दोन मोकळे गुच्छ. त्यातला मोठा गावातल्या म्हाताऱ्यांनाही डोळ्यांनी दाखवता येतो. उन्हाळ्यात तसंही घरात झोप लागत नाही, बाज अंगणातच असते. पावसाळ्यात दुर्बीण पोळ्यापर्यंत खोळीत.

तुम्ही आता तयारी केलीत तर 2026 च्या दिवाळीनंतरचे दिवस चांगले आहेत. गुरू आणि मंगळ दोघेही सिंहेत, पहाटे पूर्वेला बऱ्यापैकी वर. खाली चित्रेजवळ शुक्राची चांदणी. ती दुर्बिणीतून पहिल्या दिवसांत बारीक विळ्यासारखी आणि मोठी दिसेल. मग दर आठवड्याला विळा भरत जातो आणि आकार लहान होत जातो. 2027 च्या संक्रांतीच्या आसपास अर्ध्या चंद्रासारखी होईल. हे एकच काम दोन महिने केलंत तरी दुर्बिणीचे पैसे वसूल. शनी तेव्हा पहाटेपर्यंत मावळतो, तो संध्याकाळीच बघा. 2025 च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याकडे अगदी कडेनं वळलेली होती, आता हळूहळू उघडताहेत. पातळ दिसली तर पुन्हा दुर्बिणीला दोष देऊ नका.

दवाचं सांगायचं राहिलं. ओलिताच्या वावराजवळ दव जास्तच पडतं. नळीच्या तोंडाला चटईच्या तुकड्याची गुंडाळी लावा, आयपीस खिशात ठेवा. आणि आरसा दुपट्ट्यानं पुसू नका. मी पुसला होता, ओरखडे अजून आहेत. कोठ्यात झाकण न लावता ठेवलीत तर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, तेही झालंय. पूर्व तांबडी झाली की झाकण लावून टाका, शुक्राच्या मागे लागून सूर्य नळीत आला तर डोळाच जाईल.

एवढं करूनही विकायचीच ठरली तर आधी मला कळवा. मला 25 मिमीची एक जास्तीची आयपीस हवीच आहे.